कॅमारोची कुरकुर: सबफ्रेम कनेक्टरचे बोल्ट पुन्हा पुन्हा ढिले होत असतील तर

गाडी १९६८ ची शेवरले कॅमारो, ३२७ घनइंची व्ही-एट, दोन दारांची. राहतो मिशिगनमध्ये, डेट्रॉइटजवळ. तक्रार एकच, पण तीन उन्हाळे पुरली. ड्राइव्हवेवरून तिरकं रस्त्यावर उतरताना एक चाक आधी खाली गेलं की डावीकडून ‘कर्रर्र’ असा आवाज यायचा, जुन्या वाड्याच्या लाकडी जिन्यासारखा. म्हणून बोल्टने बसणारे सबफ्रेम कनेक्टर, म्हणजे गाडीखालचा पुढचा आणि मागचा सांगाडा जोडणाऱ्या लोखंडी नळ्या, आणले, एका शनिवारी बसवले, आवाज गेला. दीड महिन्याने परत आला. खाली शिरलो तर डावीकडचा पुढचा बोल्ट ढिला. आवळला, आवाज गेला, पुन्हा आला. दुसऱ्या वर्षी तेच. तिसऱ्यांदा बोल्टच्या आट्यांना थ्रेड-लॉकर नावाचा गोंद लावला, नायलॉन कॉलरचे नट घातले, वॉशर बदलले. आवाज परतायला या खेपेला तीन महिने लागले, एवढीच प्रगती.

घाईत असाल तर निष्कर्ष इथेच सांगतो. बोल्ट आपणहून ढिला होत नाही. कनेक्टरने ज्याला धरलंय ती जागा हलत असते, म्हणून तो ढिला होतो. माझ्या गाडीत सबफ्रेमच्या (पुढच्या सांगाड्याच्या) डाव्या मागच्या बॉडी माउंटचं, म्हणजे ती बॉडीला बोल्टने टांगलेली असते त्या जागेचं, रबर संपलं होतं आणि आतल्या नटाचा पिंजरा तुटला होता. तो दुरुस्त केला, बुश बदलले, कनेक्टर वेल्ड केले आणि प्रश्न मिटला. हे कळायला तीन वर्षं का लागली, ते आता सविस्तर.

गाडी मुळात दोन तुकड्यांची

१९६७ ते ६९ च्या कॅमारोला पूर्ण लांबीची चासी नाही. फायरवॉलपासून, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या भिंतीपासून, मागचं सगळं युनिबॉडी, म्हणजे पत्र्यालाच पत्रा धरून उभा. इंजिन, पुढचं सस्पेन्शन आणि स्टिअरिंग मात्र एका वेगळ्या जाड सबफ्रेमवर आहे, आणि ही सबफ्रेम बॉडीला बोल्टने टांगलेली आहे. दोन माउंट रेडिएटर सपोर्टपाशी, दोन फायरवॉलपाशी, दोन पुढच्या सीटच्या पायाशी तळाच्या पत्र्याखाली. मधे रबराचे बुश, म्हणजे इंजिनाची थरथर आत येऊ नये. मागच्या बाजूला पाटे जिथे टांगलेत तिथून मागचे रेल सुरू होतात.

आता सबफ्रेमचं मागचं टोक आणि मागच्या रेलचं पुढचं टोक यांच्यामधे काय आहे ते बघा. तळाचा पत्रा, मधला बोगदा आणि दाराखालची रॉकरची पेटी, बस्स. वर छप्पर आहे, पण पहिल्या पिढीची प्रत्येक बंद कॅमारो हार्डटॉप आहे, दाराच्या मागे खांबच नाही. काडेपेटीच्या टरफलाची एक बाजू कापून टाकायची आणि मग ते पिळलं जाऊ नये अशी अपेक्षा धरायची, तसला प्रकार. उघड्या टपाच्या गाड्यांत तर कारखान्यानेच चार कोपऱ्यांत डबे बसवले होते, आत स्प्रिंगवर टांगलेली वजनं, तेलात बुडवलेली, थरथर गिळण्यासाठी. लोक त्यांना ‘कॉकटेल शेकर’ म्हणतात. म्हणजे गाडी लवचिक आहे हे बनवणाऱ्यांनाही ठाऊक होतं.

सबफ्रेम कनेक्टर म्हणजे या दोन टोकांमधला पूल, चौकोनी नळीचा. पुढे इंजिन आणि मागे अॅक्सल यांच्या वजनाने गाडी मधे वाकते, ते वाकणं तो चांगलंच कमी करतो. पिळणं मात्र तितकंसं नाही. दोन काठ्या समांतर धरून त्यांची टोकं उलटसुलट वर-खाली केलीत तर त्या तसा फारसा विरोध करत नाहीत. पिळणं थांबवायचं असेल तर त्या काठ्या मधल्या पत्र्याला पूर्ण लांबीभर बांधलेल्या हव्यात. हा फरक मी स्वतः मेकॅनिकल इंजिनिअर असूनही कनेक्टर विकत घेताना सोयीस्करपणे विसरलो. रंगवलेली, तयार भोकांची वस्तू खोक्यातून निघाली की माणूस विसरतो.

आधी तपासा, मग पाना उचला

पहिली तपासणी दोन मिनिटांची. दार उघडा, मागच्या टोकाला धरून वर उचला. खडखडलं तर बिजागरीच्या पिना आणि बुश गेलेत. या गाड्यांची दारं लांब आणि जड, त्यामुळे हे नेहमीचंच. असं दार लावताना खाली घासतं आणि मालक म्हणतो, बॉडी वाकली. ते आधी निस्तरा.

दुसरी तपासणी मला सगळ्यात उपयोगी पडली. गाडी सपाट जागी चार चाकांवर उभी करा. दाराच्या मागच्या फटीवर, खिडकीच्या काचेच्या जरा खाली, कागदी मास्किंग टेपचा तुकडा आडवा चिकटवा, अर्धा दारावर, अर्धा मागच्या पॅनेलवर. त्यावर बॉलपेनने पट्टी लावून एक सरळ रेघ ओढा आणि फटीतून ब्लेड फिरवून टेप कापा. दुसऱ्या बाजूलाही तसंच. मग सबफ्रेमच्या डाव्या पुढच्या कोपऱ्याखाली जॅक लावून चाक जमिनीपासून जेमतेम सुटेपर्यंत उचला आणि रेघ बघा.

माझ्या डाव्या दारावर रेघ तुटून जवळपास दोन मिलिमीटर सरकली होती. गाडी खाली घेऊन उजव्या कोपऱ्याला जॅक लावला, तर उजव्या दाराची रेघ त्याच्या निम्मीही सरकली नाही. दोन्ही बाजूंना एकाच किटचे, एकाच दिवशी बसवलेले कनेक्टर. मग एक बाजू दुप्पट का हलते? हा प्रश्न पहिल्याच वर्षी विचारला असता तर बरंच वंगण आणि बऱ्याच शिव्या वाचल्या असत्या.

आणखी काही खुणा गाडीच सांगते. छप्पर आणि मागचं पॅनेल जिथे मिळतं तो सांधा कारखान्यात शिशाने भरलेला असतो, तिथे रंगात केसासारखी तडा असेल तर बॉडी तिथे हलतेय. दाराची काच मागच्या छोट्या काचेला घासत असेल तरी तेच. पुढच्या काचेच्या कोपऱ्यातून दगड न लागता तडा निघाला असेल तर जास्तच.

मग गंज. इथे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात. डेट्रॉइटच्या पोटातच मिठाची खाण आहे, त्यामुळे हात सैल असतो. रॉकरची पेटी दिसायला बाहेरून गुळगुळीत आणि आतून चाळण, असं खूपदा असतं. पेचकसाच्या मुठीने खालच्या कडेवर टकटक करत जा. टणक आवाज येत असेल तर ठीक. भदभद वाजलं किंवा आतून पापुद्रे गळाल्याचा आवाज आला तर कनेक्टरचा विचार बाजूला ठेवा. या गाडीचा खरा कणा रॉकर आहे. तो कुजलेला असताना खाली नळी वेल्ड करणं म्हणजे वाळवी लागलेल्या तुळईला खालून बांबूचा टेकू देण्यासारखं. माझे रॉकर सुदैवाने चांगले निघाले. या गाड्या ओहायोतल्या नॉरवूडमध्ये आणि कॅलिफोर्नियात व्हॅन नाइसमध्ये बनत. माझी नॉरवूडची, पण आधीच्या मालकाने हिवाळ्यात बाहेर काढलीच नव्हती.

नट संगं फिरतोय

माउंटपर्यंत मी पोहोचलो ते सासऱ्यांमुळे. ते तेव्हा कोल्हापूरहून आले होते. शिरोली एमआयडीसीत उभी हयात फॅब्रिकेशनमध्ये घालवलेला माणूस. दोन दिवस सोफ्यावर बसून शेजाऱ्यांची हिरवळ बघितली आणि तिसऱ्या दिवशी चहाचा कप घेऊन गॅरेजात आले. मी चौथ्यांदा तोच बोल्ट आवळायच्या तयारीत होतो. त्यांनी आत बसून कार्पेट मागे सारलं, तळाच्या पत्र्यावर तळवा टेकवला आणि म्हणाले, “तुम्ही आवळा. मी बघतो.”

मी खालून टॉर्क पाना, म्हणजे ठरावीक जोर आला की वाजणारा पाना, फिरवला. पाना कटकन वाजला. मी खूश.

“जावईबापू, थांबा. आणि एकदा फिरवा... आत नट संगं फिरतोय की! बोल्ट आवळून काय उपयोग?”

पुढच्या बाजूला किटचा कनेक्टर आणि बॉडी माउंट यांना बोल्ट एकच. तो बोल्ट बॉडीत एका पिंजऱ्यातल्या नटात जातो, आणि तो पिंजरा तळाच्या पत्र्याच्या दोन थरांमधे बंद असतो, दिसत नाही. माझा पिंजरा गंजून फाटला होता. नट फिरता फिरता एका कोपऱ्यात अडकायचा, तेवढ्या अडकण्यावर टॉर्क पाना वाजायचा आणि मला वाटायचं काम झालं. गाडीने दोन-चार खड्डे खाल्ले की नट कोपऱ्यातून सुटायचा.

बोल्ट काढायला चार दिवस गेले. रोज संध्याकाळी भेदक तेल फवारायचं आणि सोडून द्यायचं. चौथ्या दिवशीही निघेना, तेव्हा आतून कार्पेट पूर्ण काढून तळाच्या पत्र्यात नटाच्या बरोबर वर खिडकी कापली, तीन बाजूंनीच. चौथी बाजू दुमडून उघडली, म्हणजे नंतर तोच पत्रा परत बसवून वेल्ड करता येतो. कापण्याआधी त्या जागेखाली ब्रेकची किंवा पेट्रोलची नळी नाही ना हे खालून दोनदा बघून घ्या. आतून नट पान्याने धरला, खालून बोल्ट फिरवला, तर किंकाळी फोडत निघाला. फाटका पिंजरा काढून तिथे जाड पट्टीवर वेल्ड केलेला नवीन नट बसवला. नट पट्टीत थोडा सैल, पिंजऱ्यातल्यासारखा ठेवता आला तर उत्तम, कारण पुढे सबफ्रेम जुळवताना बोल्टला इकडेतिकडे व्हायला जागा लागते.

बुशचं काय झालं होतं? खालचा अर्धा भाग हातात घेतला तर गुळाच्या ढेपेसारखा चुरा झाला. या बुशचे दोन भाग असतात, एक सबफ्रेमच्या वर आणि एक खाली, मधून लोखंडी बाही. बोल्ट आवळला की ताण त्या बाहीवर येतो आणि रबर ठरावीक दाबातच राहतं. रबर आटलं की बाही आवळलेली, बोल्ट आवळलेला, पण त्यांच्याभोवती सबफ्रेम मोकळी. बाहेरून सगळं टाइट दिसतं. पहार घेऊन सबफ्रेम आणि बॉडीच्या मधे हलकीशी उचकवून बघा, लगेच कळतं. मी तीन वर्षं फक्त पाना लावून बघत होतो.

बुश कोणता? हा निर्णय कनेक्टरच्या आधीचा

इथे बहुतेक जण उलट्या क्रमाने जातात, मीही गेलो. कनेक्टर सबफ्रेमला आणि मागच्या रेलला घट्ट जोडतो. सबफ्रेम जर मऊ रबरावर असेल तर ती थोडी हलणारच, रबराचं कामच ते. मग कनेक्टर रबराला वळसा घालून तो सगळा हिसका स्वतःवर घेतो आणि तो उतरतो त्याच्या टोकाच्या बोल्टवर किंवा वेल्डवर. बोल्ट असेल तर ढिला होतो, भोक लांबुळकं होतं. वेल्ड असेल तर त्याच्या कडेने पत्रा तडकतो. माझ्या मागच्या बाजूची, पाट्याच्या पुढच्या कंसाजवळची भोकं तांदळाच्या दाण्यासारखी लांबट झाली होती.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. गाडी मुळाबरहुकूम, शांत ठेवायची असेल तर नवे रबरी बुश घाला आणि कनेक्टर घालूच नका. निम्म्या लोकांची तक्रार नुसत्या नव्या बुशनेच जाईल. कनेक्टर वेल्ड करायचे असतील तर बुश अॅल्युमिनियमचे ठोस घ्या, निदान पॉलियुरेथेनचे. ठोस बुशने इंजिनाची थरथर आणि रस्त्याचा आवाज आत जास्त येतो, हे खरं आहे. तो किती खटकेल हे ज्याचं त्याचं. मला व्ही-एटचा आवाज हवाच होता, बायकोला नको होता, आणि मागच्या सीटवर कोणी बसत नाही.

ठोस बुश घेताना उंची बघा. काही संच मूळ उंचीचे असतात, काही सबफ्रेम आणि बॉडीतलं अंतर कमी करतात. कमी उंचीचे घेतले तर स्टिअरिंग कॉलम, पंख्याचं आवरण, गिअरची जोडणी सगळं सरकतं. मूळ उंचीचेच घ्या आणि सगळ्या जागी एकाच संचातले. अॅल्युमिनियम आणि लोखंड एकत्र आलं, त्यात खारट पाणी मिळालं की एकमेकांना खातात, म्हणून बसवताना अँटी-सीझ (जाम होऊ न देणारं वंगण) सढळ हाताने लावा.

बुश बदलताना सगळे बोल्ट एकदम काढू नका. बाकीचे सैल करून एका वेळी एकच जागा उचला, बदला, हाताने बोल्ट फिरवून ठेवा, पुढे चला. सगळे बसल्यावर सबफ्रेम सरळ आहे का ते जुळवा. सबफ्रेममधे आणि बॉडीत समोरासमोर भोकं आहेत. त्यांतून घट्ट बसेल असा गोल रॉड दोन्ही बाजूंना सरळ गेला पाहिजे. मग शॉप मॅन्युअलमधल्या टॉर्कला आवळा.

रॉड गेला तरी सासऱ्यांचं समाधान होईना. त्यांनी सुतळीला एक मोठा नट बांधून ओळंबा केला, सबफ्रेमच्या आणि मागच्या रेलच्या ठरावीक भोकांतून खाली सोडला, फरशीवर खडूने चार फुल्या मारल्या आणि दोन कर्ण मोजायला लावले. सुरुवातीला सहा मिलिमीटरचा फरक होता. सबफ्रेम टॉमीने (छोट्या पहारीने) सरकवून तो दोनवर आणला. त्या फुल्या अजून गॅरेजच्या फरशीवर आहेत.

कनेक्टर निवडताना

तीन प्रकार सापडतात. बोल्टचे, तळाखालून वेल्ड करायचे, आणि तळाचा पत्रा कापून त्यात अर्धवट बसवून वेल्ड करायचे.

बोल्टवाल्यांची मी एवढी निंदा केली, तरी एका बाबतीत तेच बरोबर. गाडी दुर्मीळ असेल, कॅमारोचं झेड-ट्वेन्टीएट मॉडेल वगैरे, इंजिन मूळचंच आणि त्याचा नंबर गाडीशी जुळणारा, तर कापाकापी आणि वेल्डिंग नको. माउंट चांगले करून बोल्टवाले लावा, उद्या काढता येतात. मूळ भोकं वापरणारं किट घ्या, नवी भोकं पाडायला लावणारं नको.

पत्रा कापून बसणारे सगळ्यात ताठ. मागच्या सीटच्या पायाशी तळ खाली उतरतो तिथे सरळ रेषेत जायला नळीला पत्र्यातून वाट लागते, आणि दोन्ही कडांनी पूर्ण लांबीभर पत्र्याला वेल्ड झाल्यामुळे पिळण्यालाही विरोध होतो. रेसची गाडी असेल, किंवा तळाचा पत्रा तसाही बदलणार असाल, तर हेच घ्या. माझा पत्रा शाबूत होता, तो कापायला जीव धजावला नाही.

मी मधले घेतले, तळाखालून वेल्ड करायचे. पण तळाच्या आकाराला धरून वळवलेले, म्हणजे नळी पत्र्याला बऱ्याच ठिकाणी टेकते आणि तिथे जोडता येते. पुढून मागे सरळ जाणारी, मधे अधांतरी लटकणारी नळी स्वस्त पडते, पण ती खाली लोंबते, स्पीड ब्रेकरला घासते आणि पिळण्याला फारशी कामाची नाही. नळी दोन बाय तीन इंची, भिंत साधारण तीन मिलिमीटर जाड. त्याहून जाड घेऊन वजनाखेरीज काही हाती लागत नाही. पलीकडचा तळाचा पत्रा जेमतेम एक मिलिमीटरचा आहे. झिंक चढवलेली नळी घेऊ नका, वेल्ड करताना निघणाऱ्या धुराने ताप भरतो.

घेण्याआधी आपला एक्झॉस्ट कुठून जातो ते बघा. दुहेरी एक्झॉस्ट असेल तर नळी आणि पाइप यांच्यात बोटभर तरी अंतर हवं, नाहीतर कुरकुर जाऊन खडखड येते. पार्किंग ब्रेकची केबलही तिथूनच जाते.

वेल्डिंग: गाडी कशी उभी आहे यावर सगळं

मी जॅक-स्टँड मांडत होतो. सासरे म्हणाले, “गाडी टांगून वेल्ड मारलात, तर टांगलेली गाडीच पक्की होणार की.” याहून नेमकं मी कुठे वाचलेलं नाही. दोन खांबांच्या लिफ्टवर गाडीची दोन्ही टोकं खाली झुकलेली असतात. त्या अवस्थेत कनेक्टर जोडला की तो झोक कायमचा, आणि मग दार आयुष्यभर लागत नाही. वजन चाकांवरच हवं. चार खांबांची, चाकं ठेवायची लिफ्ट मिळाली तर सोनं. आम्ही चारही चाकांखाली लाकडी फळ्यांचे एकसारखे थर रचले आणि पाण्याच्या लेव्हल-ट्यूबने रॉकरच्या चारही टोकांची उंची जुळवली. इंजिन, काचा, सीट, बॉनेट सगळं जागेवर, दारं बंद, आत कोणी नाही. टाकीत पेट्रोल शक्य तेवढं कमी. कागदी टेपच्या रेघा नव्याने ओढून ठेवा, त्या जुळलेल्या असतानाच वेल्ड करायचं.

तयारीचा कंटाळा करू नका. बॅटरीचा निगेटिव्ह काढा, अल्टरनेटरची तारही. आतलं कार्पेट आणि त्याखालचा जूटचा थर पूर्ण बाहेर. नुसता दुमडून ठेवला तर पेटतो. खालचं डांबरी अंडरकोटिंग वेल्डच्या दोन्ही बाजूंना चार-चार बोटं खरवडून, ग्राइंडर मारून पांढरं लोखंड दिसू द्या. पेट्रोलची नळी या गाडीत उजवीकडून जाते, ती सोडवून बाजूला करा आणि तिच्यावर ओल्या चिंध्या गुंडाळा. आत एक माणूस अग्निशामक घेऊन बसलेला हवा, आणि शेवटच्या ठिणगीनंतर अर्धा तास कोणी गॅरेज सोडायचं नाही. आमच्याकडे एकदा डांबर धुमसलंच. विझवलं, पण तेव्हा आत माणूस नसता तर हे सगळं लिहायला गाडी उरली नसती.

मिग वेल्डर, ०.८ मिलिमीटरची तार, ७५ टक्के आर्गॉन आणि २५ टक्के कार्बन डायऑक्साइड. अर्थ क्लॅम्प वेल्डच्या जवळच्या लोखंडाला लावा. आधी दोन्ही बाजूंना फक्त टॅक (ठिपक्याएवढे तात्पुरते वेल्ड) मारा, मग थांबा, रेघा बघा, दारं उघडून लावून बघा. टॅक तोडायला ग्राइंडरची दोन मिनिटं लागतात, पूर्ण वेल्ड तोडायला अर्धा दिवस. दार नेहमीसारखं लागलं तरच पुढे.

नंतर एक-एक इंचाचे टाके, डावी बाजू, उजवी बाजू, पुढे, मागे, असे आळीपाळीने. एकाच जागी रेघ ओढत गेलात तर पातळ पत्रा ओढला जातो. जाड नळी आणि पातळ पत्रा जोडताना ठिणगीचा रोख नळीकडे ठेवा आणि पातळ बाजूला नुसता स्पर्श द्या, नाहीतर भोकं पडत जातात. मागच्या रेलवर नळी जिथे संपते तिथे आडवी, काटकोनातली वेल्ड-रेघ मारून थांबू नका. तडा नेमका तिथेच सुरू होतो. आम्ही चौकटच्या पत्त्यासारखी निमुळती पट्टी वर टाकून तिच्या तिरक्या कडा वेल्ड केल्या, म्हणजे ताण एका रेषेत साचत नाही. लांबट झालेली जुनी भोकं भरून घेतली.

नळीची टोकं बंद केलीत तर तळाला पाणी निथळायला एक छोटं भोक ठेवा. रंग वाळल्यावर आतून कॅव्हिटी वॅक्स (गंज रोखणारं मेण) फवारा. मीठ आतून खातं.

नंतर

जॅकची चाचणी परत केली. डावी रेघ जेमतेम हलली, डोळा बारीक करून बघितल्याशिवाय कळेना, आणि उजवी तशीच. सगळ्यात मोठा फरक दारात जाणवला. गाडी एका बाजूने उचललेली असतानाही दार उघडतं आणि लागतं. पूर्वी एक चाक फुटपाथवर असलं की सहप्रवाशाला सांगावं लागायचं, थांब, आत्ता उतरू नको.

पाचशे मैलांनंतर सगळे माउंट टॉर्क पान्याने तपासले, एकही फिरला नाही. वेल्डच्या कडाही टॉर्चच्या उजेडात बघितल्या. रंगात केसासारखी रेघ दिसली तर तिथे तडा समजा. अजून तरी नाही. ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी वुडवर्ड अॅव्हेन्यूवरची ड्रीम क्रूझ झाली, १९९५ पासून भरणारा जुन्या गाड्यांचा उरूसच तो. तासनतास रांगेत रेंगाळत गेलो, खड्डे खात, आणि डावीकडून एकदाही ‘कर्रर्र’ आलं नाही.

इतर गाड्यांबद्दल थोडक्यात. १९६८ ते ७४ च्या नोव्हाची रचना कॅमारोसारखीच आहे, वरचं सगळं तिला लागू. साठच्या दशकातली मस्टँग वेगळी. तिचे पुढचे रेल बॉडीलाच वेल्ड केलेले, बुशचा प्रश्नच नाही. तिथे आधी टॉर्क बॉक्स (पुढचे रेल रॉकरला जोडणाऱ्या पेट्या) आणि तळाचा पत्रा बघा. डॉज, प्लायमथमधे टॉर्शन बारचं (स्प्रिंगचं काम करणाऱ्या रॉडचं) मागचं टोक ज्या आडव्या बीममधे अडकतं तिथेच कनेक्टरचं पुढचं टोक येतं, त्यामुळे बार काढायला जागा उरते का ते मोजून घ्या. आणि पुण्यातल्या एका मित्राने पद्मिनीसाठी विचारलंय. पद्मिनीला वेगळी सबफ्रेम नाही, ती पूर्ण एकसंध बॉडी. तिथे कनेक्टर शोधण्यापेक्षा दाराखालच्या पेट्या ठोकून बघ, पैसे तिथे घाल.

आता गाडीत एकच आवाज उरलाय, मागून डावीकडून, ताशी चाळीस मैलांच्या आसपास टक-टक असा. पाट्याच्या शॅकलचे, म्हणजे पाट्याचं मागचं टोक टांगणाऱ्या कडीचे, बुश असावेत. पाना लावण्याआधी या खेपेला पहार लावून बघणार आहे.